काकांची घागर

९ एप्रिल १९५०, रविवार. बऱ्हाणपूर

आलो एकदाचा. इथल्या लालबाग स्टेशनावर पेट्या, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि मी, असे सगळे धडधाकट उतरलो. टांगेवाल्यानं पेट्यांचं वजन बघून आत सोनं आहे का विचारलं. चित्रं आहेत म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. तहसिलीतला शिपाई देवराम मला न्यायला आला होता. मोठा बोलका माणूस. लोधीपुऱ्यातलं हे घर येईपर्यंत त्यानं इथले सगळे अधिकारी, त्यांच्या बदल्या आणि त्यांच्या बायकांचे स्वभाव मला सांगून टाकले.

आमचं संस्थान विलीन झालं तेव्हा दरबारचे हत्ती सर्कशीत गेले आणि मोटारी मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे. थोरल्या महाराजांनी अमेरिकेच्या सफरीवरून आणलेली चित्रं मात्र कोणालाच नको होती, आणि चित्रशाळेचा कारकून सबनीस, म्हणजे मी, तर त्याहून नको होता. शेवटी असं ठरलं की बऱ्हाणपुरात एक संग्रहालय काढायचं, तिथं चित्रं ठेवायची आणि चित्रांबरोबर सबनीसही. संग्रहालयाची इमारत अजून मिळायची आहे. तोवर हे भाड्याचं घर. पुढे लांबट दिवाणखाना, तो चित्रांना. मागे दोन खोल्या, त्या मला. ओसरी आहे, परसात विहीर आणि कडुनिंब आहे. तक्रारीला जागा नाही.

खरं सांगायचं तर मी खुशीत आहे. कुसुम मेच्या अखेरीस बाळंतपणाला येणार. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि शारदा गेल्यापासून पोरीचं माहेर म्हणजे मी एकटा. नोकरी जाणार, घर जाणार, मग तिनं यायचं तरी कुठं, या विचारानं माझी झोप उडाली होती. आता सांगायला पत्ता आहे. आजच इटारसीला तिला कार्ड टाकलं.

१२ एप्रिल

चित्रं लावून झाली. दिवसभर शिडीवर चढउतार करून कंबर धरली आहे, पण दिवाणखाना असा सजलाय की मीच दारात उभा राहून दोनदा पाहिला.

ही सगळी गेल्या शतकातली कोरून छापलेली चित्रं. धातूच्या पत्र्यावर बारीक रेघा कोरायच्या, रेघांत शाई भरायची, वर कागद ठेवून दाबायचा. यात रंग नाही. सावली हवी असेल तर रेघा जवळजवळ ओढायच्या, अंधार हवा असेल तर त्यांच्यावर तिरप्या रेघांची जाळी टाकायची. भिंगातून पाहिलं की माणसं नाहीशी होतात आणि नुसत्या रेघा उरतात. माझी उभी नोकरी या रेघा पाहण्यात गेली. शारदा म्हणायची, तुम्ही माझ्याकडे कधी इतक्या बारकाईनं पाहिलं नाही.

चित्रांतली माणसं अमेरिकेतल्या क्रो जमातीची. हे नाव त्यांना बाहेरच्यांनी दिलेलं, ते स्वतःला वेगळंच काही म्हणवतात असं थोरले महाराज सांगत. लढवय्ये म्हणून त्यांची ख्याती, पण आमच्या चित्रांत लढाई कुठं नाही, आणि म्हणूनच ती मला आवडतात. एकजण डोळा मिटून बाण सरळ आहे का पाहतोय. एकजण नदीवर घोड्यांना पाणी पाजतोय. बायका गव्याचं कातडं ताणून खरवडताहेत आणि त्यांच्याजवळ कुत्री आशेनं बसली आहेत. एक तरुण योद्धा आपले कमरेखाली पोचणारे केस विंचरतोय, हातात छोटा आरसा. आरशाच्या जागी कोरणाऱ्यानं एकही रेघ मारलेली नाही, कागद कोरा सोडलाय. तेवढ्यानं आरसा चकाकतो.

सगळ्यांत मोठं चित्र मधल्या भिंतीवर आहे. कातड्याच्या तंबूत आगीभोवती वडीलधारे योद्धे बसले आहेत. बाळाला नाव ठेवायला चुलते जमले आहेत, असं खाली इंग्रजीत लिहिलंय. दाराजवळ एक जागा रिकामी आहे. तंबूच्या खांबाला बाळाला बांधून न्यायची नक्षीदार फळी टांगली आहे, म्हणजे त्यांचा पाळणाच म्हणायचा. तो रिकामा. बाळ कुठंच नाही. थोरले महाराज पाहुण्यांना हे चित्र दाखवून हसत, की बारशाला सगळे आले आणि कोरणारा उत्सवमूर्तीलाच विसरला.

१६ एप्रिल

देवरामच्या ओळखीनं स्वयंपाकाला आणि झाडलोटीला रंभाबाई मिळाली. मूळची दापोऱ्याची, विधवा, पलीकडच्या गल्लीत राहते. कामाला वाघीण. तिची भाषा अर्धी मराठी, अर्धी हिंदी आणि उरलेली खानदेशी, पण माझ्यापेक्षा ठसक्याची.

आज ती डोक्यावर पदर घेऊन चित्रांसमोर उभी राहिली. भिंतीवर चौकटीत लावलेला माणूस म्हणजे एकतर देव नाहीतर घरातलं गेलेलं माणूस, हा तिचा हिशेब. हे देव दिसत नाहीत, तेव्हा हे माझे कोण लागतात, असं तिनं विचारलं. मला लहर आली. माझे काका लागतात म्हणून सांगितलं. सगळे? मी म्हटलं, सगळे, आमचं घराणं मोठं आहे. त्यांचे केस आणि पिसं पाहून ती जरा घुटमळली, पण नर्मदेकडचे साधू तिनं पाहिलेले होते, त्यामुळे तिला काही अडचण आली नाही. कधी वारले, असं विचारलं. बरीच वर्षं झाली म्हटलं. ते तर खोटं नव्हतं.

मग तिनं पदरानं एकेक काच पुसली. मस्करी होती हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. या गावात मला माझ्या माणसांबद्दल विचारणारी ती पहिलीच होती.

२० एप्रिल, आखाजी

या भागात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि घरोघरी गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची नवी घागर भरतात. घागरीच्या तोंडावर खरबूज, जवळ आंबे आणि पुरणाचं पान. मग निखाऱ्यांसमोर बसायचं, गेलेल्याचं नाव घ्यायचं आणि तुपाचा घास निखाऱ्यावर टाकायचा. जाळ झाला की घास पोचला. शारदा खानदेशातलीच. ती आपल्या आईवडिलांसाठी दर वर्षी हे करायची आणि मी लांबून गंमत पाहायचो. ती गेल्यावर आमच्या घरात घागर भरली गेली नाही.

रंभाबाई सकाळीच दोन घागरी घेऊन आली. एक शारदाची. दुसरी कोणाची विचारलं तर म्हणाली, तुमच्या काकांची, एवढे पितर घरात आणि त्यांना पाणी नको का? मोठ्या चित्राखाली तिनं घागर मांडूनही टाकली, हळदकुंकू लावून. त्या वेळी हसून खरं सांगायला हवं होतं. पण त्या घागरी तिनं काल दापोऱ्याच्या कुंभाराकडून उन्हातून डोक्यावर आणल्या होत्या. मी पाटावर बसलो.

शारदाचं नाव घ्यायची वेळ आली. नाव बाहेर पडेना. घास निखाऱ्याच्या कडेला पडला आणि नुसता धुमसत राहिला. मला फार वाईट वाटलं. तेच लपवायला म्हणून दुसऱ्या घासाला मी मोठ्यानं, अगदी नाटकात बोलावं तसं म्हटलं, की काका, सगळे या, हे घर तुमचंच आहे. घास पडताच असा जाळ उठला की रंभाबाईनं हात मागे घेतला. तिला फार समाधान वाटलं.

२७ एप्रिल

आखाजीनंतर त्याच घागरी पिण्याच्या पाण्याला घेतात. पण शारदाच्या घागरीत ओगराळं बुडवायचं म्हटलं की माझा हातच जात नाही. शेवटी ती रंभाबाईला देऊन टाकली. तिला हे मुळीच पटलं नाही. बायकोची घागर बाहेर द्यायची आणि काकांची ठेवायची, ही कुठली रीत, असं ती म्हणाली. तेव्हा कुठं मी तिला खरं काय ते सांगितलं, की हे माझे कोणी नव्हेत, परक्या देशातले लोक आहेत, मस्करी केली. मला वाटलं हसेल.

ती हसली नाही. "घागर भरली म्हंजे नातं झालं, बाबू," ती म्हणाली. "मंग मस्करी होती म्हनून चालत नाही."

म्हातारी ऐकेना तर ऐकेना. काकांची घागर दिवाणखान्यात तिवईवर ठेवली आहे. पाणी असं गार, की विहिरीचंच हे पाणी यावर विश्वास बसत नाही. दुपारी ऊन मी म्हणतं, दारं लावून आत बसतो आणि काकांच्या घरचं पाणी पितो. शेजारच्या गल्लीत मागांची खटखट चालते. वाचनालयात जातो, तिथं कोणी वर्तमानपत्रातून मान वर काढत नाही. आज देवराम रस्त्यात दिसला. मी हाक मारली, तो तसाच पुढे गेला. घाईत असेल. दरबारात मला निदान शिव्या घालायला तरी माणसं होती.

४ मे

रंभाबाई भाच्याच्या लग्नाला दापोऱ्याला गेली. कुसुम यायच्या आत परतेन म्हणाली आहे. इटारसीहून कार्ड आलंय, कुसुम २९ तारखेला, सोमवारी दुपारच्या गाडीनं येते. सुताराकडून पाळणा आणून मागच्या खोलीत टांगला. त्याला उगाच एक झोका देऊन पाहिला आणि डोळे भरून आले. शारदा असायला हवी होती.

एक गंमत लिहून ठेवतो. दुपारी घागरीची सावली भिंतीवर पडली होती. चष्मा पुसून पाहिली तर सावली सलग नव्हती. रेघा होत्या. जवळजवळ ओढलेल्या, बारीक, आणि कडेला तिरपी जाळी. हात फिरवला तर चुना नुसता चुना. नजर रेघांना इतकी सरावली की भिंतीवरही त्याच दिसतात. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

९ मे

चष्म्याचं नाही. ओसरीच्या खांबांची, कडुनिंबाची सावली बाहेर नेहमीसारखीच पडते. दिवाणखान्यात पडते ती मात्र रेघांची. आणि आज केस विंचरणाऱ्या तरुणासमोर उभा होतो. त्याच्या हातातल्या आरशात काहीतरी आहे. तो आरसा कोरा होता, तो कागद कोरा होता, मी इतकी वर्षं ती काच पुसली आहे. भिंग लावलं. आरशात घागर आहे, तोंडावर खरबूज असलेली.

मन म्हणतं, आधीपासूनच असेल, तुझंच लक्ष गेलं नाही. पण सबनीसाच्या लक्षात येत नाही असं या चित्रांत काही नाही. दुसरं मला काहीच येत नाही, हे एवढंच येतं.

१३ मे

आज माणसांत बसावं म्हणून मुद्दाम बाजारात गेलो. केळीवाल्याला भाव विचारला. त्यानं माझ्या पलीकडच्या बाईला उत्तर दिलं. पुन्हा विचारला. मग तो गाडीवर पाणी मारू लागला आणि ते माझ्या धोतरावर उडालं तरी त्याचं लक्ष नाही. आधी राग आला. घरी येईपर्यंत राग गेला आणि तसाच पुढे गेलेला देवराम आठवला.

हात धुताना पाहिलं. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं सावली असते, तिथं रेघा आहेत. घासल्या. गेल्या नाहीत.

मोठ्या चित्रातले काका आता आगीकडे पाहत नाहीत. सगळ्यांनी मान वळवली आहे. त्यांच्या चेहऱ्यांवर राग नाही, हे मला लिहायलाच हवं. घरी कोणी यायचं असलं की दाराकडे पाहतात, तसे ते पाहताहेत.

१७ मे

पाणी हेच कारण. रंभाबाई काकांच्या घागरीचा थेंब पीत नव्हती, ती आपल्या घरी शारदाच्या घागरीचं पिते, आणि दापोऱ्याला जाईपर्यंत ती मला नीट पाहत होती, माझ्याशी भांडत होती. आखाजीपासून मी यांचं पाणी पितोय. मीच बोलावलं, मीच घर तुमचंच म्हटलं, मीच त्यांच्या घागरीचं पाणी पिऊन नातं पक्कं केलं. माझ्या बायकोला मात्र घराबाहेर काढलं.

घागर परसात नेऊन उपडी केली. फोडायला दगड उचललाही. पण घागर फोडतात ती स्मशानात. कुसुम पोटुशी आहे. दगड खाली ठेवला.

चित्रं उलटी करून भिंतीकडे तोंडं केली.

१९ मे

विहिरीचं पाणी पितो, तहान भागत नाही. नदीचं आणलं, तेच. जीभ कोरडी.

चौकटींच्या मागच्या पुठ्ठ्यांवर रेघा उमटल्या आहेत. आधी नुसती जाळी, मग माणसं. त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवता येत नाही. पुन्हा सुलटी केली. निदान काय करताहेत ते दिसेल.

खांबावरचा पाळणा कोणीतरी खाली काढला आहे. रिकाम्या जागेजवळ, आगीच्या उबेला ठेवलाय. त्यात मऊ गवत पसरलंय. अगदी हळुवार हातानं पसरलंय.

आता समजलं ते कोणाची वाट पाहताहेत. कोरणारा बाळाला विसरला नव्हता. बाळ यायचं होतं. मी त्यांना काका म्हटलं, म्हणजे कुसुमच्या पोटातलं ते त्यांचंच, आणि नाव ठेवायला ते जमले आहेत.

२० मे

कुसुमनं इथं यायचं नाही. काही झालं तरी नाही.

तारऑफिसात गेलो. ओळीत उभा राहिलो. मागचे लोक पुढे गेले, त्यांच्या मागचेही गेले. खिडकीशी तोंड नेऊन इटारसी, इटारसी असं ओरडलो. बाबू पानाची पिंक टाकायला उठला आणि खिडकी लावून घेतली. कार्ड लिहून पेटीत टाकलं. ते हातातून सुटताना पाहिलं — माझं अक्षर कागदावर नव्हतं, नुसत्या आडव्या रेघा होत्या.

२२ मे

इटारसीला स्वतःच जायला निघालो. लालबागला पोचलोच नाही. पुलाशी आलो की पाय पुन्हा लोधीपुऱ्याच्या वाटेवर असतात, कसे ते कळत नाही. तीनदा. उन्हात सगळ्यांच्या सावल्या रस्त्यावर पडल्या होत्या. माझी दिसली नाही. घरी दिवाणखान्यात आलो तेव्हा ती भिंतीवर होती. रेघांची. माझ्याआधी पोचलेली.

देवराम आला होता. दार ढकललं, आत डोकावला. मी त्याच्यासमोर उभा राहून सगळं सांगितलं. तो स्वतःशी म्हणाला की बाबूजी बाहेर गेलेले दिसतात, आणि कडी लावून गेला. फटीतून बोटं घालून मला कडी काढता आली. बोलायला मात्र कोणी नाही.

२४ मे

मागच्या खोलीतला पाळणा — सुताराचा, मी टांगलेला — त्याची सावली रेघांची झाली. पाळणा खाली उतरवला. उतरवताना बोटं दिसली. सगळी बोटं. रेघा आणि मधे कोरा कागद.

रात्र-दिवस सारखेच झाले. आमच्याकडे उजेड आगीचा असतो.

आमच्याकडे असं लिहिलं मी.

२६ मे

त्यांच्यातला एक म्हातारा माझ्याकडे पाहतो. केस कापलेले, शोकातले. त्याचंही कोणी गेलं असेल. त्यांची गावं गेली, नदी गेली, गवे गेले, नावानं घास टाकणारं कोणी उरलं नाही आणि एका परक्या गावात कोणीतरी म्हणालं, या, घर तुमचंच. मी असतो तर मीही आलो असतो. त्यांचा दोष नाही. पण माझी लेक —

रिकामी जागा दाराजवळची. ती माझी. पाळणा त्या जागेच्या समोर ठेवलाय, म्हणजे तिथं बसणाऱ्याच्या मांडीवर तो येणार. मी बसलो, पाळणा मांडीवर घेतला आणि सोडलाच नाही तर? त्यात कोणाला ठेवता येणार नाही. घरचा माणूस घरच्यांना नाही म्हणू शकतो. परक्याला ते जमत नाही.

दुसरं काही सुचत नाही.

२८ मे

बसलो.

आग ऊब देते. सरकून जागा दिली त्यांनी. इतक्या वर्षांत मला कोणी सरकून जागा —

पाळणा धरलाय. घट्ट. ते मागत नाहीत. नुसते वाट पाहतात. घागर उपडी आहे, पाणी नाही, कुसुमला काही होणार नाही. ती येईल, मी नाही असं बघेल, रडेल, परत जाईल. जाऊ दे. रडू दे.

लिहिताना पेन्सिल ओढली जात नाही. कोरावं लागतं.

२९ मे, सोमवार

रंभाबाई आली. सकाळीच. घर बघून बडबडते आहे — बाबू स्टेशनावर गेले असतील, पोरगी यायची आणि घरात ही धूळ — झाडतेय. काच पुसतेय. तिचा पदर माझ्या तोंडावरून —

मला दिसते. तिला मी —

परसात गेली. काहीतरी घासतेय. राखेनं. मातीचा आवाज —

नको रंभाबाई

विहिरीचा रहाट. भरली तिनं. वाळा टाकला. पाहुणी उन्हातून येणार म्हणून. तिवईवर ठेवली. सगळ्यांनी माना वर केल्या —

टांगा. दारात. कुसुम. किती जड पावलं टाकते. चेहरा शारदाचा. अण्णा म्हणून हाक मारली — मी इथंच आहे, तुझ्या समोर — पाळणा सोडून हात हलवता येत नाही, सोडला तर —

चित्राजवळ आली. भिंगाशिवायच पाहते. माझी लेक.

"रंभामावशी, हा दाराजवळचा म्हातारा अगदी अण्णांसारखा दिसतो गं."

हो. हो. मीच. जा आता, परत जा —

रंभाबाईनं ओगराळं बुडवलं. आधी पाणी पी म्हणते, मग बोल. फुलपात्र भरलं. कुसुम पदरानं घाम पुसते. हात पुढे —

पाळणा जड झाला —

कुसुम ते पाणी